बिजागरीची सावली

९ जानेवारी

ज्यांच्या घरात जेवायच्या टेबलावर ताटांच्या आधी तोफा मांडल्या जायच्या, ज्यांनी सगळं बालपण मांडीवर ताट घेऊन जेवण्यात घालवलं, आणि ‘हात लावू नका, गोंद ओला आहे’ हे वाक्य अंगाईसारखं ऐकलं, अशा जगातल्या तमाम मुलांनो!

म्हणजे तू आणि मी. सभा छोटी आहे, पण गाऱ्हाणं खरं आहे.

ठोक्या, तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन मधेच ठेवता येतो. पत्र एकदा फोडलं की तुझ्यासारख्या माणसाला ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तू लहानपणी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा पूर्ण वाचायचास.

बातमी अशी की अप्पांची चिलखती मोटार सापडली. टेबलावरचं छोटं मॉडेल नाही. खरी! पोलादी पत्र्यांची, वर फिरता बुरूज असलेली, शंभर वर्षांपूर्वीची. एका शेतावर तिचा सांगाडा धान्याची कोठी म्हणून उभा होता. इंजिन नाही, चाकं नाहीत, आणि शेतकऱ्याने सोयीसाठी दोन्ही बाजूंचे पत्रे मोठाल्या चौकटीएवढे कापलेले. एकीकडे दार, दुसरीकडे खिडकी. वर हिरवा रंग फासलेला. संग्रहालयाने ती उचलून आणली आणि मागच्या जुन्या बसच्या शेडमध्ये ठेवली. आणि अशी मोटार जगात दुसरी उरलेली नसल्यामुळे ती पुन्हा उभी करायला त्यांनी कुणाला बोलावलं? तिचं मॉडेल करायला ज्याचे नकाशे सारं जग वापरतं त्या माणसाला. आपल्या तीर्थरूपांना.

अप्पांनी दोन दिवस ‘मला काय त्याचं’ असा चेहरा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, टोपी घालून दारात उभे. “तू सोडतेस, की चालत जाऊ?”

मी सोडलं. आणि तिथेच थांबले. माझा हेतू शुद्ध नव्हता. युद्धाच्या यंत्रांना रंगरंगोटी करून लहान मुलांना दाखवण्याच्या मी किती विरुद्ध आहे, हे तू माझ्या निदान दहा भाषणांत ऐकलं असशील. मी तिथे बोलायला गेले होते. बोललेही. ही मोटार बंदराच्या संपात कामगारांच्या गल्लीत सोडली होती, हे मी पुराव्यानिशी सांगितलं. पुढच्या पत्र्यावर जो खोलगट पोचा आहे तो गोळीचा नाही, वरच्या मजल्यावरून टाकलेल्या दगडाचा आहे, हे सांगितलं. आवाज टिपेला पोचला तेव्हा गाडीखालून अप्पांचा हात बाहेर आला.

“भाषण झालं असेल तर तो मोठा पाना दे.”

मी दिला. तेव्हापासून तिथेच आहे.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ठोक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. रिकाम्या खुर्च्यांसमोरही मी बोलले आहे.

शेडमध्ये आम्ही चौघं. अप्पा. संग्रहालयाच्या बाई, ज्यांना सगळं वेळेत हवं असतं आणि ज्या वाक्याची सुरुवात ‘फक्त एवढंच सांगायचंय’ने करून अर्धा तास बोलतात. वेल्डर, जो जगातल्या प्रत्येक अडचणीवर वेल्डिंग सुचवतो. आणि मी, जिच्यावर रंग घासायचं काम सोपवलं आहे.

हे काम तुला आवडलं असतं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा आणि एकाच जागी गोल गोल घासत राहायचं. वरचा रंग झिजतो, खालचा दिसतो, त्याखाली अजून एक. थोड्या वेळाने कापलेल्या कांद्यासारख्या चकत्या तयार होतात. बाहेर शेतकऱ्याचा हिरवा, त्याच्या आत मोटारीचा मूळ राखाडी, आणि मधोमध सगळ्यात खाली लाल, म्हणजे पत्र्याला गंज लागू नये म्हणून कारखान्यात दिलेला रेड ऑक्साइडचा हात. अप्पा म्हणाले, “तुला बसून राहायची सवय नाही. लागेल.” लागली. मी चक्क गप्प बसते. वेल्डरने दोनदा विचारलं, “ताई, बरं वाटत नाही का?”

काल मात्र पेटले. वेल्डर लांबी भरून तो दगडाचा पोचा बुजवायला निघाला होता. बाईंचं म्हणणं, लोकांना गुळगुळीत आवडतं. मी डब्यावर उभी राहिले. म्हटलं, हा पोचा म्हणजे या गाडीवरची एकमेव सही आहे जी तिच्या मालकांची नाही. तो बुजवाल तर तुम्ही दुरुस्ती करत नाही, साक्षीदार फोडता. लोखंडाला खोटं बोलायला लावणं हे बंदूक चालवण्याहून कमी पाप नाही.

अप्पा भिंगातून एक बोल्ट बघत होते. मान वर न करता म्हणाले, “पोचा राहील. फलकही लावा, कोणी टाकला आणि का टाकला त्याचा. ती म्हणते ते बरोबर आहे. फक्त मोठ्याने म्हणते.”

अप्पा मला बरोबर म्हणाले, ठोक्या. मी घरी येऊन स्वतःसाठी केक आणला.

आता कामाचा प्रश्न. नवे पत्रे सांगाड्याला जुन्या पद्धतीने, तापवलेल्या रिवेटांनी, म्हणजे टोपीवाल्या लोखंडी खिळ्यांनी, जोडायचे आहेत. वेल्डर म्हणतो वेल्ड करू आणि वरून खोट्या टोप्या चिकटवू. अप्पा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण तापवून रिवेट मारणारं इथे कुणी नाही. पहिल्या प्रयत्नात रिवेट मेणबत्तीसारखी वितळली. तू पोटापाण्यासाठी जुने लोखंडी पूल दुरुस्त करतोस. तर एवढंच सांग, रिवेट तापवायची किती?

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ठोक्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘नारिंगी होऊ दे. पांढरी झाली की फेकून दे. भाता हळू.’ ना मायना, ना सही. पण अक्षर अजून तसंच, प्रत्येक टिंब ठोकून बसवलेलं. मी ते भट्टीच्या वर चिकटवलं. अप्पांनी वाचलं. मग दिवसभर जो कुणी भात्याजवळ जाई त्याला ओरडत होते, “हळू! लिहिलंय ना हळू!”

रिवेट नारिंगी होते, सांडशीने उचलून भोकात घालायची, आतून एकाने जड ठोकळा दाबून धरायचा, बाहेरून दुसऱ्याने ठोकायचं. पाच बसल्या. तीन चांगल्या.

बाकी विशेष काही नाही. मी सध्या उजव्या बाजूला, कापलेल्या चौकटीच्या कडेने घासते आहे. हात दुखतात. डाव्या बाजूचं काम जोरात आहे. मोटारीचा दरवाजा अप्पांच्या नकाशात डावीकडे आहे ना, तर त्यासाठी नवा पत्रा आखून झाला. सोमवारी कापणार. पोलाद महाग आणि अशा जाडीचा पत्रा पुन्हा मिळायचा नाही, म्हणून अप्पा रोज नव्याने मोजतात.

तुला तो फोटो आठवतो का, ज्यावरून अप्पांनी नकाशे काढले? मोटार, आणि तिच्या दरवाजापाशी उभे चार शिपाई. मोटारीचा नंबर सेन्सॉरने खरवडून काढलेला. त्या काळातला तेवढा एकच फोटो.

तू सातवीत होतास. टेबलाशी उभा राहून म्हणालास, “अप्पा, ह्या शिपायाने बायकांचा कोट घातलाय. बटणं उलट्या बाजूला आहेत.”

“लढाईत मिळेल तो कोट घालतात.”

“चौघांनीही?”

मी हसले होते. अप्पा नाही. “फोटो उलटा छापलाय,” तू म्हणालास. “दरवाजा उजवीकडे असणार.” आणि मग अप्पांचं ते वाक्य, ज्याच्यानंतर तू त्या टेबलाजवळ कधी उभा राहिला नाहीस: “अख्ख्या जगाला दिसलं नाही ते तुला दिसलं? बाजूला हो, उजेड अडवतोस.”

नंतरची भांडणं वेगवेगळ्या नावांची होती. शिक्षण, नोकरी, ‘लोखंड ठोकायला जातोस का’. पण मला नेहमी वाटत आलं की तू घरातून निघालास तो त्याच संध्याकाळी. सामान फक्त दहा वर्षांनी उचललंस.

का आठवलं कोण जाणे. चल, थांबते.

ताई


२४ फेब्रुवारी

ठोक्या,

‘का आठवलं कोण जाणे’ हे साफ खोटं होतं.

मागचं पत्र लिहायच्या आधी, त्याच सकाळी, उजव्या कडेला घासता घासता हिरव्याखाली दोन गोल दिसले. कानशीने सपाट केलेल्या रिवेटांची टोकं. त्याखाली आणखी दोन. मग हातभर खाली पुन्हा चार. मी रंग घासणारी आहे, इंजिनिअर नाही, पण दाराला दोन बिजागऱ्या असतात एवढं मलाही कळतं.

आणि मी काय केलं माहीत आहे? सत्य छपरावरून ओरडा म्हणून चौकाचौकांत सांगत फिरणाऱ्या तुझ्या बहिणीने खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्यावर टाकलं. पत्रा वाळायला ठेवलाय, असं सांगितलं. पत्रा कुठे वाळतो!

कारण अप्पांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नाही. सकाळी शीळ वाजवतात. हात थरथरायचा थांबलाय. साऱ्या जगातल्या छांदिष्ट लोकांनी याच माणसाच्या नकाशावरून छोट्या मोटारी बनवल्या, आणि सगळ्यांचा दरवाजा डावीकडे. म्हातारपणी त्यांच्या हातून ही एक वस्तू काढून घ्यायची कुणी? मी? पण सोमवारी पत्रा कापला की चूक कागदावरून पोलादात जाणार होती. मी डब्यावर उभी राहून लोखंडाला खोटं बोलायला लावू नका म्हणाले होते, ते वाक्य माझ्याच कानाशी माशीसारखं घोंघावत होतं.

आज सोमवार. वेल्डरने गॅस पेटवला. चष्मा लावला. आणि मी फडकं उचललं.

“अप्पा, इकडे या.”

ते आले. वाकले. अंगठा फिरवला. वेल्डर ज्योत तशीच धरून उभा. बाई म्हणाल्या, “फक्त एवढंच सांगायचंय की पत्रा आज कापला नाही तर...” आणि कधी नव्हे ते अर्ध्यात थांबल्या.

अप्पा ताठ झाले. “शेतकऱ्याच्या बिजागऱ्या आहेत. त्याने याच बाजूला दार केलं होतं. पत्रा कापला, त्याला दार लावलं, पुढे काढलं. यात काय नवल?”

खरं होतं. त्याचंही दार उजवीकडेच होतं.

अप्पा घरी गेले नाहीत, कामही केलं नाही. बाकावर बसून राहिले. वेल्डरने गॅस बंद केला आणि न विचारता चहा ठेवला. पत्रा कापलेला नाही. एवढंच जमलं.

ताई


२ मार्च

ठोक्या, बस. हातातलं काम ठेव आणि बसून वाच.

पाच दिवस अप्पा शेडमध्ये आले नाहीत. घरी त्या फोटोसमोर बसून. मी जेवायला हाक मारली की म्हणत, “शेतकऱ्याचंच दार ते,” आणि मी काहीच म्हटलेलं नसे. आज सकाळी दाढी केली, टोपी घातली. “चल.”

शेडमध्ये गेले ते थेट उजव्या कडेला. स्टूल मागितलं, दिवा मागितला, भिंग काढलं. आणि माझ्या हातून पॉलिश पेपर घेऊन स्वतः घासायला लागले. रिवेटांवर नाही. रिवेटांच्या आजूबाजूला. वेल्डर माझ्या कानात म्हणाला, “आता हे पत्रा आरपार करणार.”

खूप वेळाने त्यांनी मला बोलावलं. “काय दिसतं ते सांग. मत नको. रंग सांग.”

“हिरवा. त्याखाली राखाडी. त्याखाली लाल.”

“आता इथे.” बोट दोन इंच सरकलं, रिवेटांच्या मधोमध.

“हिरवा. त्याखाली... लाल.”

“राखाडी?”

“नाही.”

त्यांनी खडूने कड आखली. राखाडी नसलेल्या जागेचा आकार झाला. लांबट, एका टोकाला गोल. बिजागरीचा! जणू भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे राहिलेली जागा.

अप्पा स्टुलावरून उठले आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून बोलले. ठोक्या, मी मोठमोठे वक्ते ऐकले आहेत. असं भाषण ऐकलं नाही.

“शेतकऱ्याकडे मोटार आली तेव्हा ती राखाडी होती. त्याने बिजागरी बसवली असती तर ती राखाडीवर बसली असती. खाली राखाडी सापडला असता. इथे खाली फक्त रेड ऑक्साइड आहे. म्हणजे बिजागरी बसली तेव्हा राखाडी रंग लागायचाच होता. म्हणजे ती कारखान्यात बसली. डावीकडची कड तपासा, तिथे राखाडी सलग मिळेल.”

तपासली. सलग मिळाला.

“दरवाजा उजवीकडे आहे,” अप्पा म्हणाले. “छापणाऱ्याने निगेटिव्हची काच उलटी ठेवली. नकाशे चुकले.”

वेल्डर म्हणाला, “अप्पा, म्हणजे मी सोमवारी ते कापलं असतं तर...”

“तर तुला मी वेल्ड करायला लावलं असतं.”

हसलो आम्ही. बाईसुद्धा. आणि हसता हसता अप्पांनी खिशातून दाढीचा छोटा आरसा काढला. घरून आणला होता. फोटो त्याच्यासमोर धरून माझ्यापुढे केला. आरशात चारही शिपायांची बटणं सरळ झाली होती.

“कार्ट्याने कोट बघितला,” ते म्हणाले. “मी नुसती मोटार बघत बसलो.”

मग आरसा पुसला, खिशात ठेवला आणि वेल्डरला ओरडले की उभा काय राहिलास, पत्रा उलटा कर, खुणा पुसून नव्याने आखायच्या आहेत.

आज केक अप्पांनी आणला. डायबेटीस असून.

ताई


२६ मार्च

ठोक्या,

सोबत एक कात्रण आहे. मॉडेल बनवणाऱ्यांच्या मासिकात अप्पांनी चूक जाहीर केली. मी मसुदा लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, “नको, तू त्यात क्रांती घालशील.” चार ओळींचा मजकूर आहे. तिसरी ओळ बघ: ‘ही चूक माझा मुलगा शाळेत असतानाच माझ्या लक्षात आणून देत होता. तो आता पूल दुरुस्त करतो. मी त्याचं ऐकायला हवं होतं.’ मी या माणसाची मुलगी आहे म्हणून सांगते, यातलं शेवटचं वाक्य लिहायला त्यांना आख्खा आठवडा लागला. आधी तिथे ‘ऐकायला हरकत नव्हती’ असं होतं.

जगभरातून पत्रांचा भडिमार चालू आहे. एका गृहस्थांनी या मोटारीची अख्खी पलटण बनवली आहे आणि ते अप्पांवर फार चिडले आहेत. अप्पा त्यांना सविस्तर उत्तर लिहितात, सोबत दरवाजा कुठे कापायचा त्याचं चित्र. घरचं जुनं मॉडेल त्यांनी स्वतः कापलं. डावीकडचं भोक पत्रा लावून बंद, उजवीकडे नवा दरवाजा. टेबलावर ते पुन्हा सुकतंय आणि मी पुन्हा मांडीवर ताट घेऊन जेवते. तक्रार आहेच. पण ताट मांडीवर घेऊन मला परवा हसू आलं.

शेडमधलं बहुतेक काम उरकलं. फलक लागला: कोणाची मोटार, कोणाची गल्ली, कोणाचा दगड. वाचायला बंदरावरच्या जुन्या कामगारांच्या नाती आल्या होत्या. एकीने त्या पोच्यात मूठ ठेवून पाहिली.

उरलाय तो दरवाजा. घडवून झाला, बिजागऱ्या झाल्या, भोकं पाडली, बरोबर राखाडी नसलेल्या त्या सावलीवर. फक्त आठ रिवेटा मारायच्या आहेत. वेल्डरला आता जमतात. पण अप्पा त्याला हात लावू देत नाहीत. आतून ठोकळा कोण धरणार हे त्यांनी ठरवून टाकलंय: ते स्वतः. रोज सकाळी आत जाऊन बसतात, ठोकळा मांडीवर घेऊन सराव करतात. विचारलं, बाहेरून ठोकणार कोण? तर म्हणाले, “येईल.”

“कोण येईल? बोलावलंय का तुम्ही?”

“तू पत्रं लिहितेस ना.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. पोस्टाची तिकिटं ड्रॉवरमधून कमी होतात ते मोजत असणार.

तर आता नीट ऐक. मी तुला माफ कर म्हणत नाही, माफी हा तुमचा आपसातला व्यवहार आहे. बसून बोला म्हणत नाही. तुम्हा दोघांना बसून बोलता येत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. पण रिवेट मारताना बोलावं लागत नाही. मधे जाड पत्रा असतो. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. एक ठोका म्हणजे मी तयार आहे, आतून एक ठोका आला की मीही तयार, मग सुरू करायचं. तुम्हा दोघांसाठी याहून सोयीचा संवाद कुणी शोधून काढलेला नाही. मधे मी सांडशी घेऊन उभी राहीन आणि कबूल करते, तोंड बंद ठेवीन.

बारा एप्रिलला सकाळी भट्टी पेटवतो आहोत. भाता हळू, तुझं कार्ड अजून वरच आहे. स्टेशनवरून सरळ शेडमध्ये ये. घरी जाऊ नकोस, हातपाय धुऊ नकोस, काय बोलायचं याची तयारी करू नकोस. कोपऱ्यातला लहान हातोडा उचल, मोटारीच्या उजव्या बाजूला जा, आणि पत्र्यावर एक ठोका मार.

अप्पा आत आहेत.

तुझी ताई